फैजपूरच्या छपरातलं पॅराशूट

फैजपूरच्या कडेला बौद्धवाडा आहे. विहाराच्या मागे, केळीच्या बागेला पाठ लावून एक पत्र्याचं छप्पर उभं आहे आणि त्यातून दिवसभर शिलाई मशीनचा आवाज येतो. बाहेर निळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरांची पाटी आहे: 'मंदाबाई टेलर्स. सदरे, पायजमे, कोट शिवून मिळतील.' कोट आजवर कोणी शिवायला टाकलेला नाही. तरी तो शब्द पुसायला मंदाबाई तयार नाही. "टाकील कोणी एखाद दिवशी," ती म्हणते. "पाटी आधीपासून तयार असलेली बरी."

या मंदाबाईचं माहेर नरडाण्याजवळ, धुळ्याच्या अंगाला. वडील रेल्वेत होते. हातोडा खांद्यावर टाकून रुळांच्या सैल झालेल्या चाव्या ठोकत ते उन्हातान्हात चालायचे. लहानगी मंदा त्यांची भाकरी घेऊन जायची आणि सुरतेकडे जाणाऱ्या गाड्या बघत उभी राहायची. एकदा तिने विचारलं, "इतल्या गाड्या जातस आबा, तुमले कोनी वळखस का?"

वडील हसले. म्हणाले, "गाडी पडनी का मंग वळखतीन."

गाडी रुळावरून घसरली, की ओळखतील. एरवी नाही. बापाला हे उत्तर पुरत होतं, त्यावर त्याने नोकरी काढली. मंदाला ते कधी पुरलं नाही.

लग्न होऊन ती फैजपूरला आली. नवरा भटू तायडे केळी कापणाऱ्या टोळीत होता. घड कापायचे, खांद्यावर वाहायचे, उत्तरेकडे जाणाऱ्या ट्रकमध्ये रचायचे. शांत माणूस, कोणाच्या अध्यात ना मध्यात. मंदाबाई बाजारातल्या एका शिंप्याकडे काम मागायला गेली, तेव्हा तो म्हणाला, "बाईनं साडीला फॉल लावावा. कॉलर बाईच्या हातची बसत नाही."

ती तिथून निघाली. घरी आली, भटूसाठी एक सदरा शिवला आणि तो घालून त्याला त्याच दुकानात बटणं आणायला पाठवलं. मान ताठ ठेवायला बजावून पाठवलं होतं. भटू बिचारा मान अवघडेपर्यंत उभा राहिला. शिंप्याने बटणं मोजून दिली, कॉलरकडे बघितलं, पुन्हा बघितलं. "जळगावला शिवला का?"

"नाही," भटू म्हणाला. "घरीच."

त्यानंतर ती पाटी लागली.

वाड्यात एक रीत आहे. चौदा एप्रिलला जयंतीची मिरवणूक निघते आणि त्या दिवशी पोराबाळांच्या अंगावर पांढरे कपडे पाहिजेत. पोरं तर केळीच्या पोंग्यासारखी वाढतात. दरवर्षी नवा कपडा कुठून आणायचा? म्हणून शिवणारी शिवणीच्या आत जादा कापड दुमडून ठेवते. शिंपी त्याला माया म्हणतात. मार्च लागला की आया गेल्या वर्षीचे फ्रॉक आणि सदरे घेऊन येतात. मंदाबाई शिवण उसवते, आतलं कापड बोटभर बाहेर काढते, नवी टीप मारते आणि तोच कपडा पुन्हा मिरवणुकीत चालतो. एक फ्रॉक तीन-तीन जयंत्या बघतो. रेषेबाहेरचं कापड कापून टाकणारी शिवणारी वाड्यात एक वर्षही टिकली नसती. मंदाबाईच्या हाताला ही सवय इतकी लागली होती, की कात्री शिवणीजवळ जायचीच नाही.

पुढे केळीच्या पिशव्यांचं काम आलं. झाडावरच्या घडाला ऊन लागू नये, किडे लागू नयेत म्हणून त्याला पांढरी पिशवी घालतात. या पिशव्या आणि प्लास्टिकच्या चटया बनवणारा एक कारखाना जळगावच्या औद्योगिक वसाहतीत आहे. मालक रतिलालभाऊ. पिशव्यांची शिलाई ते खेड्यातल्या बायकांकडून करून घेतात. मंदाबाईच्या छपरात मशिनी वाढल्या, बायका आल्या. त्यात पाटील गल्लीतली लताबाई आली. ती जिभेची तिखट आणि हाताची साफ. बौद्धवाड्यात कामाला जाते म्हणून घरच्यांनी नाक मुरडलं, तेव्हा ती म्हणाली होती, "मशीन तिथी हाय. तुम्ही इथी आणून द्या, मी इथी बसते." मशीन कोणी आणून दिलं नाही. लताबाई मंदाबाईच्या शेजारी बसली, ती आजपर्यंत.

एके वर्षी दिवाळीनंतर कारखान्याचा टेम्पो आला. सोबत जितेंद्र होता, रतिलालभाऊंचा सुपरवायझर. त्याने गठ्ठा उतरवला, पण नेहमीसारखा दारात टाकला नाही. छपराच्या आत आणला, ताडपत्री अंथरली आणि त्यावर ठेवला.

आत चंदेरी कापड होतं. पातळ असं, की फुंकर मारली तरी उठून बसायचं. कापून आलेले तुकडे खाली रुंद, वर निमुळते. प्रत्येकावर निळी रेषा आखलेली.

"कळ्या आहेत," मंदाबाई म्हणाली. "घागऱ्याच्या असतात तशा."

लताबाईने एक कळी उचलून डोळ्यांसमोर धरली. "कोणाचा घागरा वं माय हा? मले तं चांदोबाच्या बायकोचा दिसते."

बायका हसल्या. जितेंद्र हसला नाही. "अक्का, निळ्या रेषेवर टीप मारायची. रेषेबाहेरचं कापड कापून टाकायचं. मग कड दुमडून दुसरी टीप. आणि हा माल कोणाला दाखवायचा नाही."

"कशाचा आहे?"

"ते तुम्हाला काय करायचं, अक्का? पिशव्या शिवता तसं हे शिवा."

मंदाबाईने कळी खाली ठेवली आणि मशीनवर झाकण घातलं. "पिशवी कोणत्या घडावर बसते ते मला ठाऊक आहे, म्हणून मी पिशवी शिवते. हे कशावर बसतं ते कळल्याशिवाय मी सुई लावणार नाही. घेऊन जा."

जितेंद्रने विनवण्या केल्या, लताबाईकडे बघितलं. लताबाईनेही आपल्या मशीनवर झाकण घातलं. शेवटी त्याने बाहेर जाऊन रतिलालभाऊंना फोन लावला, बराच वेळ हो-हो केलं आणि आत येऊन सांगितलं.

ते पॅराशूट होतं. देशाच्या एका अंतराळ केंद्रात नवं रॉकेट तयार होत होतं. माणूस नेणारं नाही, उपग्रह सोडणारंही नाही. हवेचा ठाव घेणारं लहान रॉकेट. हवामानाचा फुगा एका उंचीपर्यंत चढतो आणि फुटतो. उपग्रह त्याच्या कितीतरी वरून फिरतो. मधला जो पट्टा आहे, तिथे फुगा पोचत नाही आणि उपग्रह टिकत नाही. तिथला वारा कोणत्या दिशेचा, हवा किती गार, हे कळायचं असेल तर रॉकेटच पाठवावं लागतं. ते वर जातं, आपल्या पोटातली उपकरणं सोडतं आणि ती उपकरणं पॅराशूटला लटकून हळूहळू खाली येतात. कापड चंदेरी यासाठी, की रडारला ते दिसावं. वारा काही दिसत नाही. वाऱ्याने वाहून नेलेलं कापड दिसतं, आणि त्यावरून वारा कळतो.

इथल्या प्रत्येकीला वारा माहीत होता. उन्हाळ्याच्या शेवटी सुटणारं वादळ उभी बाग एका दुपारी कशी आडवी करतं, ते सगळ्यांनी बघितलं होतं.

"मग आपलं वादळ कळीन का यानं?" लताबाईने विचारलं.

"नाही," जितेंद्र म्हणाला. "ते खालचं. हे फार वरचं आहे. शास्त्रज्ञ लोक वर्षानुवर्षं मोजत बसतात, तेव्हा कुठं काही समजतं."

"खरं बोलला," लताबाई म्हणाली. "नाही तं म्हणला असता, पुढच्या साली वादळच येणार नाही."

मंदाबाईने मशीनवरचं झाकण काढलं.

काम सुरू झालं. त्या कापडाला घाई चालायची नाही. हाताला घाम आला तरी ते चिकटायचं. बायका दोन-दोनदा हात धुऊन बसायच्या, पंखा बंद ठेवून घामाघूम व्हायच्या. मंदाबाई निळ्या रेषेवर टीप मारायची. रेषेबाहेर बोटाच्या पेरापेक्षा कमी कापड उरायचं. ते कापायला सांगितलं होतं. तिने कात्री हातात घेतली आणि ठेवून दिली. इतकं चांगलं कापड. उद्या साहेब म्हणाले, जरा घेर वाढवा, तर कुठून वाढवणार? तिने ते आत दुमडलं, वरून दुसरी टीप मारली आणि शिवण बंद केली. बाकीच्यांनाही तसंच दाखवलं. बाहेरून शिवण सरळ, सुबक दिसत होती. माप घ्याल तर रेषेबरहुकूम.

पहिलं पॅराशूट पुरं झालं तेव्हा बायकांनी ते जमिनीवर पसरलं आणि पंखा खाली उतरवून त्यात वारा सोडला. ते फुगलं. छपरात एक चंदेरी टेकडी उभी राहिली. भटू केळीच्या कामावरून येत होता, तो दारातच थबकला. डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला आणि तसाच उभा राहिला. त्या दिवशी तो नेहमीपेक्षा जास्त जेवला, एवढंच मंदाबाई सांगते.

एकामागून एक पॅराशूटं जळगावला गेली, तिथून पुढे गेली. छपरात पुन्हा केळीच्या पिशव्या शिवल्या जाऊ लागल्या. जयंती जवळ आली. वाड्यातल्या आया जुने पांढरे कपडे घेऊन यायला लागल्या.

एक दिवस मंदाबाई शेजारच्या पोरीचा फ्रॉक उसवत बसली होती, आणि जितेंद्र आला. त्याने चहा नको म्हटलं, तेव्हाच तिला कळलं की काहीतरी झालं आहे.

"चाचणी फसली, अक्का."

रॉकेट अजून उडालं नव्हतं. चाचणी जमिनीवरची होती. पॅराशूट घट्ट घडी करून एका डब्यात भरतात आणि छोटा बार उडवून डब्यातून बाहेर फेकतात. ते सुटून उघडलं पाहिजे. ते अर्धं बाहेर आलं आणि डब्याच्या तोंडात अडकलं. मग फाटलं.

"केंद्रातली माणसं परवा जळगावला येणार आहेत. काम कसं केलं ते बघायला." जितेंद्र खाली बघत होता. "एक सांगायचं आहे, अक्का. रतिलालभाऊंनी तिकडे सांगितलंय, की शिलाई आमच्याच कारखान्यात होते. हॉलमध्ये. म्हणून तुम्ही ते चंदेरी तुकडे इथून काढून टाका. कोणी विचारलं, तर पिशव्या शिवतो म्हणा."

"आणि तिथी कोणाले दाखवणार?" लताबाईने विचारलं.

"चटया घडी करणाऱ्या बायकांना ॲप्रन घालून बसवणार आहेत."

लताबाई इतकी हसली, की तिला ठसका लागला.

मंदाबाई हसली नाही. "फाटलेलं कसं दिसतं?"

जितेंद्रने मोबाइलवर फोटो दाखवला. डब्याच्या तोंडात चंदेरी बोळा बसला होता. सगळ्या कळ्यांची टोकं जिथे एकत्र येतात, तो मधला भाग मुठीसारखा जाड दिसत होता. मंदाबाईने फोटोकडे बघितलं. मग हातातल्या फ्रॉककडे बघितलं. उसवलेल्या शिवणीतून दुमडलेलं जादा कापड बाहेर आलं होतं. एका शिवणीला ते काहीच नसतं. पण सगळ्या कळ्यांचं जादा कापड एका टोकाला गोळा झालं, तर त्याचा गोळाच होणार.

"भाऊ काय म्हणतात? कशानं झालं?"

"कापडाचा दोष म्हणणार आहेत. नवं कापड मागवायचं, पुन्हा शिवायचं. काम तुमचंच राहील, अक्का. तुमचं नाव कुठंच येणार नाही, काळजी करू नका."

जितेंद्र मनाने चांगला माणूस. त्याला वाटलं, आपण दिलासा दिला.

त्या दिवशी छपरात वाद झाला. मंदाबाईने दोष कुठे आहे ते सांगितलं, तेव्हा लताबाई काम बाजूला सारून म्हणाली, "मंदे, तू बोलली तं काम जाईन. तुझंच नाही, आमचं बी."

"जाईल."

"मग काहाले बोलतेस? पुढच्या टायमाले गुपचूप कापून टाकू, झालं."

"आणि ते कापडात दोष शोधत बसतील. सापडणार नाही. कापडवाल्याची बदनामी होईल."

"तो काय तुझा मावसभाऊ लागते?"

भटू दारात बसून ऐकत होता. तो सहसा मध्ये पडत नाही, पण पडला. "तुले काय पडलं? काम चालू हाय ना. नाव कशाले पाहिजे?"

मंदाबाईने त्याच्याकडे वळून बघितलं. "आबा रूळ ठोकत मेले. गाडी पडली असती तर त्यांचं नाव निघालं असतं. इथं तर गाडी पडली, तरी माझं नाव निघू देत नाहीत. म्हणजे मी रुळावर नव्हतेच की काय? चूक माझी नाही म्हटलं, की ते शिवलं पण मी नाही, असं होतं. मी शिवलंय ते."

भटू उठला, कोळशाची इस्त्री पेटवली आणि तिची पांढरी साडी इस्त्रीला घेतली.

तिसऱ्या दिवशी मंदाबाई एसटीने निघाली. पिशवीत शेजारच्या पोरीचा तो फ्रॉक होता. भुसावळ गेलं, नशिराबाद गेलं, जळगाव आलं. कारखान्याच्या फाटकावर धनसिंग नावाचा रखवालदार होता.

"कुठं?"

"आत. मी पॅराशूट शिवणारी."

धनसिंगने तिला खालपासून वरपर्यंत बघितलं. "त्या तर आत बसल्या आहेत, बाई. ॲप्रन घालून."

"त्यांना सुईत दोरा ओवता येतो का ते विचारून या. मी थांबते."

धनसिंगला हसू आलं, ते त्याने मिशीत दाबलं. तिच्या बोलण्यातला हेल त्याच्या ओळखीचा होता. "गाव कोणतं?"

"मी नरडाणानी शे, भाऊ."

"आनि मी शिरपूरना." त्याने फाटक उघडलं. "माले कोनी इचारं तर मी चहा पेवाले गयथू." चहाला गेला होता, एवढंच सांगणार होता तो.

हॉल स्वच्छ होता. नव्या मशिनींवर बायका अवघडून बसल्या होत्या. मधल्या टेबलावर ते फाटलेलं पॅराशूट पसरलेलं होतं आणि त्याभोवती माणसं उभी होती. केंद्राकडून आलेल्यांत पुढे एक बाई होत्या. त्यांना सगळे सुलक्षणा मॅडम म्हणत होते. केस पिकलेले, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, बोलणं साताऱ्याकडचं. रतिलालभाऊ सांगत होते, "मॅडम, शिलाईत काही नाही बघा. कापडाचाच लॉट खराब होता."

"असेल," सुलक्षणा मॅडम म्हणाल्या. "तर सगळा लॉट परत पाठवून पुन्हा तपासावा लागेल. त्यात आमचा पावसाळ्याआधीचा मुहूर्त जाईल."

"कापड चांगलं आहे," मंदाबाई दारातून म्हणाली.

सगळे वळले. रतिलालभाऊंचा चेहरा उतरला. "ही आमची बाहेरची बाई आहे, मॅडम. पिशव्या शिवते. मंदा, तू खाली बस, मी येतो."

मंदाबाई बसली नाही. टेबलापाशी गेली. फैजपूरला येऊन तिला उभा जन्म झाला होता, पण संतापली की तिच्या तोंडी माहेरचीच बोली येते. तीच आली. "हाई काम मनं शे. चूक बी मनीच शे."

मग तिने सावकाश, सगळ्यांना कळेल असं सांगितलं. काम माझं आहे, चूकही माझीच. हे फैजपूरला माझ्या छपरात शिवलं. रेषेबाहेरचं कापड कापायचं होतं, मी ते आत ठेवलं. टोकाला सगळं एकत्र आलं, म्हणून गोळा झाला, म्हणून अडकलं.

सुलक्षणा मॅडमनी चष्मा लावला. "उसवून दाखवा."

मंदाबाईने शिवण उसवली. आतून चंदेरी पट्टी बाहेर पडली. मॅडमनी ती दोन बोटांत धरून बराच वेळ बघितली.

"कापायला सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

"का?"

मंदाबाईने पिशवीतून पांढरा फ्रॉक काढला आणि टेबलावर, त्या चंदेरी कापडाशेजारी ठेवला. "आमच्यात शिवण अशी असते. पुढच्या वर्षी पोर मोठी होते, मग सोडवून घ्यायची. मला वाटलं, उद्या तुम्हाला घेर कमी पडला तर कापड असावं हाताशी."

"रॉकेट मोठं होत नाही, मंदाताई."

"आता कळलं."

मागे उभ्या असलेल्यांपैकी कोणीतरी हसलं. सुलक्षणा मॅडम हसल्या नाहीत. "तुमच्या या एवढ्याशा पट्टीनं आमची चाचणी गेली. कितीजणांची मेहनत त्यात होती, ठाऊक आहे?"

"माझी होती, एवढं ठाऊक आहे. बाकीच्यांची मी मागाहून शिकेन."

"आणि सांगितलेलं न ऐकणाऱ्या बाईला मी पुन्हा काम का द्यावं?"

हॉलमधल्या बायका मान वर करून बघू लागल्या. मंदाबाईने फ्रॉकची घडी केली आणि पिशवीत ठेवला. "द्या, नका देऊ. मी काम मागायला आलेच नाही. शिवलं मी, तर चुकलेलं पण माझंच, आणि ते कापडाच्या नाहीतर इथं बसवलेल्या पोरींच्या नावावर जाऊ नये. एवढ्यासाठी आले."

ती निघाली. रतिलालभाऊ म्हणाले, "मॅडम, मी बघतो तिच्याकडे."

"तुमच्याकडे मी बघणार आहे," सुलक्षणा मॅडम म्हणाल्या. "हे वजन करून पाठवायचं होतं. केलं असतं, तर जादा कापड इथंच पकडलं गेलं असतं. थांबा, मंदाताई. छप्पर कुठं आहे तुमचं?"

रतिलालभाऊ घाईने म्हणाले, "तिथं नेण्यासारखी जागा नाही, मॅडम. वस्ती आहे ती."

"जागा कशी आहे ते बघणारी ठरवील," मंदाबाई म्हणाली. "तुम्ही कधी आत आलाच नाहीत, भाऊ. टेम्पो दारातून वळतो तुमचा."

गाडी फैजपूरला आली तेव्हा वाडा गोळा झाला. सुलक्षणा मॅडमनी चप्पल बाहेर काढली, छपरात सगळीकडे फिरल्या, पत्र्याला हात लावून बघितला. मग टेबलावर बोट फिरवलं. बोटावर धूळ आली, ती त्यांनी मंदाबाईला दाखवली.

"ही चालणार नाही."

"बरोबर. नाही चालणार."

"पत्र्याखाली इतकी उष्णता नको. आत छत घालावं लागेल, जाळी लावावी लागेल. रेषेबाहेर एक धागा ठेवायचा नाही. प्रत्येक नगाचं वजन माझ्या माणसासमोर होईल. आणि आजवर पॅराशूटच्या कडेवर शाईनं कंपनीचं नाव लिहिलं जायचं. आता शिवणारीचं लिहिलं जाईल. याचा अर्थ समजून घ्या. परत काही अडकलं, तर फोन रतिलालभाऊंना जाणार नाही. तुम्हाला येईल."

"येऊ द्या."

"सहा महिन्यांचं काम देते. त्यात नीट झालं नाही, तर बंद."

"अन् नीट झालं तं?" लताबाईने मागून विचारलं.

"तर तुम्ही चहा पाजा," सुलक्षणा मॅडम म्हणाल्या. त्या दिवसभरात पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर हसू दिसलं.

छत लागलं, जाळी लागली. त्यासाठी विहाराच्या मंडळाने पोरं दिली आणि पाटील गल्लीतून एक सुतार आला. लताबाईच्या सासरचाच होता. आला, काम केलं, पाणी प्याला आणि गेला. नवं चंदेरी कापड आलं. मंदाबाईने रेषेवर टीप मारली आणि कात्री उचलली. पहिल्या कळीचं कापड कापताना तिने ओठ घट्ट मिटले होते. कापलेली पट्टी खाली पडली, ती तिने उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग तिने सगळ्या पट्ट्या कापल्या.

कडेवर नाव लिहायची वेळ आली तेव्हा बायका भोवती जमल्या. मंदाबाईने लिहिलं: 'मंदाबाई भटू तायडे, फैजपूर.' खाली लताबाईचं लिहिलं, मग बाकीच्यांची. शाई वाळेपर्यंत कोणी हात लावला नाही.

जमिनीवरची चाचणी पार पडली. त्याचा निरोप जितेंद्रनेच आणला आणि त्या वेळी चहा प्याला. मग रॉकेट उडायचा दिवस ठरला. रॉकेट उडायचं तिकडे समुद्राकाठी काय चाललं असेल, ते इथे कोणाला दिसत नव्हतं. छपरात नेहमीप्रमाणे केळीच्या पिशव्या शिवणं चाललं होतं, पण कोणाचं लक्ष धड नव्हतं. लताबाईने दोन पिशव्यांची तोंडंच शिवून टाकली आणि उसवत बसली. भटू त्या दिवशी कामावर गेला नव्हता. दारात बसून सुपारी कातरत होता.

दुपार कलली आणि फोन वाजला. सुलक्षणा मॅडमचं नाव होतं.

मशिनी थांबल्या. भटू हळूच म्हणाला, "बाहेर जाऊन बोल. काही वाईट असंल, तं सगळ्यांसमोर नको."

मंदाबाईने फोन उचलला. बाहेर गेली नाही. स्पीकर लावला, फोन मशीनच्या पाटावर ठेवला आणि पदर खोचून उभी राहिली. त्याही क्षणी तिच्या तोंडून माहेरचीच बोली निघाली.

"बोला, मॅडम. बठ्ठा ऐकी राहिनात." सगळेच ऐकत होते.

पलीकडे वाऱ्याचा आणि माणसांचा आवाज होता. मग मॅडम बोलल्या. "उघडलं, मंदाताई. स्वच्छ उघडलं. ठरवलं होतं त्या उंचीवर उघडलं आणि खाली येईपर्यंत रडारला दिसत होतं. वर पूर्वेकडून जोराचा वारा आहे. तुमच्या कापडानं दाखवला."

भटूच्या हातातला अडकित्ता थांबला होता.

"आता कुठी हाय ते?" लताबाईने फोनकडे वाकून विचारलं.

"समुद्रात पडलं. बुडालं असेल आता."

"बुडालं? आमची नावं लिहेल व्हती त्याच्यावर."

"पॅराशूटं तशी बुडण्यासाठीच असतात," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात दुसरं उडणार आहे. कापड निघालंय तुमच्याकडे."

"येऊ द्या," मंदाबाई म्हणाली आणि फोन ठेवला.

मग तिने दाराकडे बघितलं. विहाराच्या मागची केळीची पानं जराजरा हलत होती. ती खालची हवा होती, सगळ्यांना दिसणारी. मंदाबाई मशीनवर बसली आणि अर्धी राहिलेली पिशवी पुढे ओढली.

"लते," ती म्हणाली, "हात धू. कापड आलं की लगेच बसायचं आहे."

"कापड तं अजून वाटेतच हाय ना," लताबाई म्हणाली. पण ती उठली आणि हात धुवायला गेली.